सेहेचाळीस टक्के

सिग्नलला बस उभी राहिली की माझे शेजारी मोजायला लागत. ओठ हलताना दिसत, आवाज नसे. दिवा हिरवा व्हायच्या आत आकडा तयार होई आणि तो मात्र कंडक्टरपर्यंत ऐकू जाई. "तेवीस गाड्या, एकतीस माणसं." मग जरा थांबून, "आणि आपण एकटे बासष्ट." आपण म्हणजे बस. नवीन प्रवासी वळून बघत. नेहमीचे मोबाईलमधून मान वर काढत नसत.

एकदा खराडीच्या सिग्नलला आमच्या खिडकीला लागून हिरव्या नंबरप्लेटची नवी कोरी इलेक्ट्रिक गाडी येऊन थांबली. चालवणारा तरुण होता, काच खाली होती. यांनी खिडकीतून वाकून विचारलं, "छान आहे हो गाडी. पाच माणसांची ना?"

"हो काका."

"मग बाकीचे चार कुठे ठेवलेत?"

तो मुलगा मोकळेपणी हसला. मी मात्र खाली बघितलं. त्याच कंपनीची, त्याच रंगाची गाडी मी चार दिवसांपूर्वी बुक केली होती आणि यांना सांगितलं नव्हतं.

आम्ही एकाच कारखान्यात होतो आणि कोथरूडच्या एकाच सोसायटीत राहत होतो. ते माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठे. मी खरेदी विभागात. ते मापन कक्षात, म्हणजे कारखान्यातली मोजायची साधनं स्वतः बरोबर मोजतात की नाही हे तपासणारा जो वातानुकूलित खोलीतला विभाग असतो, तिथे. तीस वर्षं तिथे काढल्यावर माणसाचा कशावर विश्वास उरत नसावा. भिंतीवरच्या घड्याळात किती वाजले हे सांगताना ते "साधारण" हा शब्द आधी लावत. वेळ मनगटावरच्या घड्याळातली असली तर लावत नसत.

कारखाना कोथरूडजवळून वाघोलीच्या पलीकडे गेला आणि आम्हा सगळ्यांचं आयुष्य जाण्यायेण्याच्या मिनिटांवर येऊन ठेपलं. जेवणाच्या सुट्टीत दुसरा विषय नसे. कोणी दुचाकी, कोणी चौघांत एक गाडी, कोणी थेट घर बदललं. ते मेट्रोनं रामवाडीपर्यंत आणि पुढे बसनं जात. खिशात एक छोटी वही असे. दारातून निघाल्यापासून कारखान्याच्या फाटकापर्यंतची मिनिटं रोज तिच्यात जात. मी एकदा विचारलं, "सरासरी किती पडतात?"

"सरासरी कशाला हवी तुम्हाला?"

"अंदाज म्हणून."

"सरासरीच्या बसमध्ये कोणी बसत नाही. आजच्या बसमध्ये बसावं लागतं. मला वाईटात वाईट दिवस विचारा. दोन तास पाच मिनिटं. ते सोसणार असाल तर बाकीचे दिवस फुकट मिळाले समजा."

हे मला पटलं. पटलं म्हणजे माझ्या अंगातच मुरलं. मी मुळात काळजी करणारा माणूस आहे. त्या काळजीला त्यांनी रीत दिली. मी प्रत्येक गोष्टीचा वाईटात वाईट दिवस काढायला लागलो, आणि त्यांच्याच रीतीनं हिशोब करून बस सोडून गाडी घेतली. मला बस न येण्याची भीती वाटे. स्टॉपवर उभं राहून मी लांबच्या वळणाकडे बघत राही. फाटकावर अंगठा लावायला तीन वेळा उशीर झाला की बोलावणं येतं, आणि आमच्या वयाच्या माणसांना बोलावणं आलेलं बरं नसतं.

गाडी घेतल्याचं सांगितल्यावर ते रागावले नाहीत. उलट महिनाभर माझीही मिनिटं लिहून घेतली. कमीत कमी पन्नास, जास्तीत जास्त एक तास पंचावन्न.

"म्हणजे वाईट दिवशी तुम्ही माझ्या दहा मिनिटं पुढे," ते म्हणाले. "वाईट दिवशी तुमची गाडी कुठे अडकते?"

"खराडीला."

"आणि माझी बस?"

"खराडीलाच."

"मग भेटू."

पण बस चांगली असंही ते कधी म्हणत नसत. बसची बाजू घेणाऱ्या एका उत्साही सहकाऱ्याला त्यांनी न आलेल्या बसची पानं उघडून दाखवली होती. धूर होत नाही म्हणून माझ्या गाडीचं कौतुक करणाऱ्यालाही सोडलं नाही. "धूर नाही, आवाज नाही, सगळं कबूल. पण जागा तेवढीच अडवते." किलोमीटरला किती पडतं हा प्रश्न मात्र त्यांना आवडत नसे. तो कोणी काढला की ते डबा झाकून उठत.

एक गोष्ट सोसायटीत कुणालाच समजत नव्हती. हा बसचा माणूस, आणि सोसायटीतली पहिली इलेक्ट्रिक गाडी याचीच. आमच्या सगळ्यांच्या आधी कुणाचीतरी वापरलेली, छोटी, बॅटरी थकलेली गाडी त्यांनी आणली होती. तीही आधीची पेट्रोलवरची, चांगली चालती गाडी विकून. नवी तरी घ्यायची, असं लोक म्हणत. ही गाडी शंभर टक्के भरली तर शंभरेक किलोमीटर जाई, म्हणजे टक्क्याला एक किलोमीटर. "हिशोबाला सोपी," एवढंच ते म्हणत.

गाडी कशासाठी होती हे सगळ्यांना माहीत होतं. वहिनींचं डायलिसिस. मंगळवार, गुरुवार, शनिवार, अकरा ते तीन. कोथरूडमध्ये जवळ दोन ठिकाणं होती, पण वहिनींच्या हाताला सुई लावणं अवघड होतं, आणि कात्रजच्या अलीकडे बायपासच्या सर्व्हिस रोडला जे छोटं केंद्र आहे तिथल्या एका नर्सबाईंना ते पहिल्या खेपेत जमे. म्हणून चौदा किलोमीटर जायचं, चौदा यायचं. अकराला पोहोचलं पाहिजे, कारण तीनला त्याच मशीनवर दुसरा माणूस येतो. उशीर झाला तर तेवढी मिनिटं वहिनींच्या रक्तातून कापली जातात. कारखान्यानं त्यांना या तीन वारांची सुट्टी दिली होती. बदल्यात ते रविवारी, मशीनं बंद असताना, साधनं तपासायला जात, आणि बाकीचे तीन दिवस बारा-बारा तास काढत. गाडी ते कारखान्याला कधीच नेत नसत.

"सोमवारी कुठे ठोकली तर मंगळवारी काय करू?" ते म्हणत. "ती गाडी मंगळवारची आहे. मी सोमवारचा माणूस आहे, मी बसनं जातो."

पार्किंगमध्ये चार्जिंगला एकच सॉकेट होता. इमारतीचा वीजभार वाढवून मिळेपर्यंत एकच, असं कमिटीनं ठरवलं होतं. गाड्या दोनच, त्यांची आणि माझी. वारांचा तक्ता त्यांनीच करून खांबाला चिकटवला होता. मंगळवार, गुरुवार, शनिवार सकाळी सहा ते दहा त्यांचे. बाकी बहुतेक वेळ मला. इतकी सढळ वाटणी दुसऱ्या कोणी केली नसती.

तरी मला पुरत नसे. गाडी आली आणि स्टॉपवरची माझी भीती डॅशबोर्डवर येऊन बसली. ऐंशी टक्के असले तरी मी सकाळी उठून बघून येई. बायको म्हणे, "अहो, ती गाडी आहे, बाळंतीण नाही."

तो मंगळवार. मी रजा घेतली होती. मेहुण्याच्या जमिनीच्या कागदांवर सही करायला साताऱ्याला जायचं होतं, साडेदहाला निघून. मेहुणा पुण्यात आला होता, तो माझ्याबरोबर जाऊन तिकडेच थांबणार होता. सोमवारी रात्री माझी पाळी असताना सॉकेटची वीज गेली ती पहाटेपर्यंत आली नाही, आणि गाडी चौऱ्याहत्तरावर राहिली. सातारा जाऊन येऊन दोनशे वीस किलोमीटर. चौऱ्याहत्तर टक्क्यांत ते जेमतेम बसत होते, आणि मध्ये घाट. वाटेत चार्जर आहेत हे मला माहीत होतं. पण चार्जर बंद असला तर? रांग असली तर? रात्रभर मी हाच वाईटात वाईट दिवस उलटापालटा करत होतो.

सकाळी सव्वासहाला खाली गेलो. ते गाडी सॉकेटला लावून नुकतेच वर गेले होते. मी त्यांच्या काचेतून डोकावलो. सेहेचाळीस टक्के.

मी तिथेच उभा राहून हिशोब केला. जायचे चौदा, यायचे चौदा, अठ्ठावीस किलोमीटर. म्हणजे अठ्ठावीस टक्के. सेहेचाळीसातून अठ्ठावीस गेले, अठरा शिल्लक. एवढी शिल्लक कोणालाही पुरे. मी तो हिशोब दोनदा तपासला. मग त्यांची पिन काढली आणि माझी लावली. चोरून केलं असं नको म्हणून एक चिठ्ठी लिहून त्यांच्या वायपरखाली ठेवली: "साताऱ्याला जायचे असल्याने आपली पाळी घेत आहे. आपल्याला लागणारे २८, आहेत ४६, शिल्लक १८. तसदीबद्दल क्षमस्व." खाली सही आणि फ्लॅट नंबर.

वर जाऊन बेल वाजवावी असं एकदा मनात आलं. वहिनी झोपल्या असतील, असं स्वतःला सांगितलं.

पावणेदहाला मी खाली असतानाच ते दोघं लिफ्टमधून आले. वहिनी आधी गाडीत बसल्या. पुढची सीट मागे पाडलेली असे, त्या नेहमी तशाच आडव्या होत. यांनी वायपरखालची चिठ्ठी काढली, चष्मा कपाळावर चढवून वाचली, डॅशबोर्ड बघितला आणि माझ्याकडे आले.

"बेरीज-वजाबाकी बरोबर आहे," हळू आवाजात म्हणाले.

"तुमच्याच पद्धतीनं केलाय हिशोब. वाईटात वाईट धरून."

"हो. फक्त कुणाचा वाईटात वाईट धरायचा, तो आकडा तुम्ही तुमचाच घेतलात." चिठ्ठी घडी करून खिशात ठेवली. "असो. अकराला पोहोचायचंय."

गेले. मला वाटलं, टोमणा मारायची सवय आहे, मारला. तरी कात्रजचं बाह्यवळण ओलांडेपर्यंत मी मेहुण्याशी धड बोललो नाही.

सही झाली. परत एकटाच निघालो. खंबाटकीच्या आसपास एका हॉटेलच्या आवारात चार्जर दिसला. रिकामा, समोर एकही गाडी नाही. माझ्याकडे तेव्हाही भरपूर होतं. साडेचारच्या सुमारास बोगद्यातून बाहेर पडून बायपासला लागलो आणि सव्वापाचला सोसायटीत शिरलो. डॅशबोर्डवर चोवीस टक्के होते. मला स्वतःचं कौतुक वाटलं, हे लिहायला हवं.

त्यांची जागा रिकामी होती. ते एरवी पावणेपाचला घरी असत. साडेपाचपर्यंत मी गॅलरीतून तीनदा पाहिलं. सहाला खाली गेलो आणि वॉचमनला विचारलं. तो म्हणाला, "नाय आले साहेब अजून." फोन हातात धरून उभा राहिलो, पण लावला नाही. काय विचारणार होतो, टक्के किती उरले?

पावणेसातला ते फाटकातून आत आले. चालत. त्यांच्या एका खांद्यावर वहिनींची पिशवी, दुसरा हात वहिनींच्या पाठीमागे. वहिनींच्या अंगाभोवती एक लाल-काळ्या पट्ट्यांची सतरंजी गुंडाळलेली होती. एप्रिल महिना होता. वॉचमन शर्टाची दोन बटणं उघडी टाकून बसला होता, आणि वहिनींचे दात वाजत होते.

मी धावत गेलो. "काय झालं? गाडी?"

"आहे. कात्रजला." ते म्हणाले. "लिफ्टचं बटण दाबा."

त्यांच्या घरी मी पाणी गरम केलं, रबरी पिशवी भरली. ते औषधांसाठी आत गेले तेव्हा वहिनी मला सांगायला लागल्या. माझी समजूत काढावी तशा, कारण माझा चेहरा त्यांच्यापेक्षा वाईट झाला असावा.

"घाबरू नका हो. आज प्रेशर जास्त उतरलं. उतरतं कधीकधी. मशीनवरून उठले की मला फार थंडी भरते, आणि लगेच निघालं की उलट्या होतात. म्हणून आम्ही तासभर गाडीतच थांबतो. हे हीटर लावतात आणि बाहेर फेऱ्या मारतात, त्यांना आत उकडतं ना. जुन्या गाडीत इंजिन चालू ठेवावं लागे. त्या थरथरीनं आणि वासानं अजूनच व्हायचं मला. म्हणून तर ही घेतली. ही चालू आहे की बंद, कळत पण नाही. डोळे मिटून पडलं की बरं वाटतं."

मी गरम पाण्याची पिशवी त्यांच्या पायांशी सरकवली.

"आज तास सोडून दोन तास झाले तरी उठवेना. आणि नेमका हीटर बिघडला. मधेच बंद झाला. मग यांनी कुठून तरी ही सतरंजी आणली, आणि बसनं आलो. बसमध्ये एका मुलीनं जागा दिली, चांगली होती."

"हीटर बिघडला?"

"हो ना. हे म्हणाले, जुनी गाडी, चालायचंच."

हीटर त्या गाडीत तासाला दहा टक्के खाई, हे मला नंतर कळलं. चौदा जायचे, चौदा यायचे आणि दहा थांबायचे. बऱ्या दिवशीसुद्धा सेहेचाळीसात आठच उरत होते. परतीच्या गर्दीला आणि असल्या वाईट दिवसाला तेवढे पुरत नसत, म्हणून तर ते नेहमी शंभर भरून निघत. त्या दिवशी अकरा टक्के उरल्यावर त्यांनी हीटर बंद केला, आणि तेवढ्यात घर गाठता येणार नाही हे ओळखून बस धरली. वहिनींना खरं कारण त्यांनी सांगितलं नाही. त्या वेळी नाही, आणि माझ्या माहितीप्रमाणे पुढेही नाही. ते औषध घेऊन बाहेर आले, मला म्हणाले, "उद्या सकाळी सातला रजा मिळेल का दोन तासांची? गाडी आणायचीय."

"माझ्या गाडीनं जाऊ."

"कशाला? येताना दोन गाड्या, दोन माणसं. बसनं."

पुढे वर्षभरात ते कात्रजलाच भाड्यानं राहायला गेले, केंद्रापासून चालत सहा मिनिटांवर. गाडी विकली. तिथून कारखाना आणखी लांब पडे. वाईटात वाईट दिवसाचा नवा आकडा त्यांनी मला फोनवर सांगितला होता. तो लिहून घ्यायचा धीर मला झाला नाही. सॉकेट आता पूर्ण माझा आहे.

पण त्या बुधवारी सकाळी आम्ही बसनं कात्रजला गेलो. वाटेत मी तीनदा वाक्य जुळवलं आणि तीनदा गिळलं. उतरून सर्व्हिस रोडनं चालत गेलो, तर गाडी एका पंक्चरच्या दुकानासमोर उभी होती आणि दुकानाच्या अर्ध्या उघड्या शटरखालून एक लांबलचक वायर तिच्यापर्यंत आली होती. दाढीवाले, साठीचे दुकानदार टायरवर बसून चहा पीत होते.

"या सर. रात्रीच फुल झाली. मॅडम कशा आहेत?"

"बऱ्या आहेत." यांनी पिशवीतून सतरंजी काढून दिली. धुऊन, रात्रीतून वाळवून, घडी घातलेली.

"धुतली कशाला? राहू द्यायची होती." दुकानदार माझ्याकडे वळले. "काल दोन अडीच तास बाई इथं होत्या. शेवटी शेवटी पार थरथरत होत्या हो. मी म्हटलं सर, कुणाला तरी फोन लावा, घरचं कुणी गाडी घेऊन येईल. तर म्हणतात, ओळखीत गाडीवालं कुणी नाही. तुम्ही शेजारी का?"

"हो."

"तेच ना. तुमच्याकडे असती तर आलाच असता तुम्ही."

"जरा ते टोक धरा," हे मला म्हणाले. त्यांनी वायर गाडीतून काढली होती आणि ते कोपराभोवती गुंडाळायला लागले होते. मी दुकानातून पिन काढून आणली आणि टोक धरून उभा राहिलो.

"माझ्याकडे आहे गाडी," मी दुकानदारांना म्हणालो. "काल साडेचारला या वरच्या रस्त्यानंच गेलो. एकटाच होतो. यांची चार्जिंगची पाळीसुद्धा मीच घेतली होती."

दुकानदारांनी कप खाली ठेवला. एकदा माझ्याकडे, एकदा त्यांच्याकडे बघितलं, आणि उठून शटर वर ढकलायला गेले. हे वायर गुंडाळत गुंडाळत माझ्यापर्यंत आले, माझ्या हातातलं टोक काढून घेतलं, वेटोळं दुकानाच्या खिळ्याला नीट अडकवलं.

"बसा," म्हणाले.

मी पुढचं दार उघडून बसलो. सीट मागे पाडलेली होती. मी बाजूची कळ चाचपून ती सरळ करायला लागलो.

"राहू द्या तशीच," ते म्हणाले. "उद्या गुरुवार आहे. तो कोन तिला लागतो, परत जमवायला वेळ जातो."

कोथरूड येईपर्यंत मी तसाच आडवा, गाडीच्या छताकडे बघत पडून राहिलो.